आपले मैदान आणि दोन खेळ

२५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी ज्या देहूरोड येथे तथागतांच्या मूर्तीची प्रतिष्ठापना केली, त्याच भूमीत आपली निवासी शाळा उभी आहे. या भाग्याविषयी प्रस्तुत स्मरणिकेत अनेकजण लिहितील. आम्ही मात्र शाळेच्या मैदानाविषयी लिहिणार आहोत. या मैदानाच्या बाबतीत आमच्या हातून एक चूक घडली होती. माजी विद्यार्थ्यांच्या उदार देणगीमुळे तिचा विचार आता पुन्हा करणे भाग पडले आहे.

आम्ही येथे शिक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा मैदानाच्या दोन टोकांना लोखंडी नळ्यांचे गोलखांब होते. लष्करी वस्तीच्या सान्निध्यामुळे फुटबॉल या गावाला परका नव्हता. वसतिगृहात चेंडू बहुधा एकच असे, त्याचीही शिवण उसवलेली. पण सायंकाळी त्या एका चेंडूमागे तीस-चाळीस मुले अनवाणी धावत. पावसाळ्यात चिखलाने माखून परतत आणि मावशींची बोलणी खात. त्या वेळी हे दृश्य आम्हांस शिस्तभंगाचे वाटे.

पुढे २०१२ च्या एप्रिलमध्ये द्रुतगती मार्गालगत गहुंजे येथे भव्य क्रिकेट स्टेडियम सुरू झाले. आयपीएलचा संघ, पुणे वॉरियर्स, आपल्या उंबरठ्यावर आला. सामन्याच्या रात्री तिकडचे आकाश उजळलेले दिसे आणि मुले वसतिगृहाच्या गच्चीवरून उतरावयास तयार नसत. त्याच वर्षी एका हितचिंतकाने क्रिकेटची खेळपट्टी बांधून देण्याची तयारी दर्शविली. क्रीडा समितीचे काम आमच्याकडे होते. आम्ही आनंदाने संमती दिली. मैदानाच्या मधोमध सिमेंटची खेळपट्टी झाली आणि गोलखांब उपटून स्वयंपाकघरामागे ठेवले गेले.

त्याचा परिणाम आमच्या ध्यानात आला तो मैदानावर नव्हे, तर इतिहासाच्या तासाला. आम्ही पालवणकर बाळूंविषयी शिकवीत होतो. चर्मकार समाजातील या थोर गोलंदाजाने पुण्याच्या युरोपियन क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखली आणि साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी केली. पण फलंदाजीची संधी त्यांना कधी मिळाली नाही. हिंदू संघाकडून खेळू लागल्यावरही चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या कुल्हडात दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. १९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले, हेही आम्ही वर्गात लपवीत नाही. हे सारे सांगून झाल्यावर सातवीतील एक मुलगी उठून म्हणाली, "सर, साहेब बाळूंकडून तासन्‌तास बॉलिंग करून घ्यायचे, पण बॅट हातात देत नव्हते. आमचं पण तसंच आहे ना? आम्ही मुली नुसते बॉलच आणून देतो."

त्या सायंकाळी आम्ही मैदानाच्या कडेला उभे राहून पाहिले. ज्यांच्या घरून बॅट आणि पॅड आले होते अशी दहा-पंधरा मुले खेळत होती. उरलेली कुंपणापाशी उभी होती. ज्या खेळात एका चेंडूवर चाळीस जण धावत, तो खेळ आम्हीच बंद केला होता.

येथे क्रिकेटला दोष देऊन मोकळे होता येणार नाही. पुण्याचाच इतिहास पाहा. पुणे वॉरियर्स २०१३ नंतर राहिला नाही. रायझिंग पुणे २०१६ व २०१७ असे दोनच हंगाम खेळला. तरी पुण्यातील क्रिकेट थांबले नाही, कारण त्याखाली जुने क्लब, शालेय स्पर्धा आणि रणजी सामने यांची मुळे होती. फुटबॉलचे तसे झाले नाही. २००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी आणि एकच हंगाम खेळलेला भारत एफसी २०१५ नंतर आय-लीगमध्ये दिसले नाहीत. डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये बाहेर पडला. बालेवाडीत खेळणाऱ्या एफसी पुणे सिटीची जागा २०१९ मध्ये हैदराबादच्या संघाने घेतली. मोठ्या लीगमध्ये शहराचे नाव उरले नाही.

आमच्या मते आयपीएलने फुटबॉलचे केवळ प्रेक्षक आणि जाहिरातदार ओढून नेले असे नाही. तिचे यश पाहून फुटबॉलने तिचा साचाच उचलला, हे अधिक हानिकारक ठरले. २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगचा पहिला हंगाम जेमतेम दहा आठवड्यांचा होता. संघ विकत घ्यावयाचा, प्रसिद्ध चेहरे आणावयाचे आणि न परवडल्यास बंद करावयाचा, अशी ही रीत. खालच्या लीगमधून जिंकून वर येण्याची वाट प्रथम उघडली ती २०२३-२४ मध्ये, पंजाब एफसीसाठी. परंतु आयपीएलच्या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांना ४८,३९० कोटी रुपये मिळाले, तशी बाजारपेठ फुटबॉलजवळ नव्हती. जुलै २०२५ मध्ये तर व्यावसायिक कराराचा प्रश्न न सुटल्याने सुपर लीगचा पुढील हंगामच स्थगित करावा लागला. ज्या समाजाला वरची दारे पिढ्यान्‌पिढ्या बंद होती, त्याला बंद दारांच्या लीगचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

याउलट कोल्हापूर पाहा. ज्या संस्थानात १९२० ची माणगाव परिषद भरली, तेथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा पेठांतल्या तालमींचे संघ आजही शाहू स्टेडियमवर खेळतात. आयपीएलच्या दिवसांतही तेथे गर्दी होते, कारण संघ आपल्या गल्लीचा असतो. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉल दिला. त्यावरून प्रेरित 'झुंड' हा नागराज मंजुळे यांचा चित्रपट आपण सर्वांनी पाहिलाच आहे. या दोन्ही ठिकाणी खेळ वाढला तो खालून.

आता प्रस्तुत प्रश्नाकडे येतो. माजी विद्यार्थ्यांनी जमविलेल्या देणगीतून मैदानाच्या निम्म्या भागात जाळ्या लावून क्रिकेट अकादमी काढावी, अशी सूचना आली आहे. अनेक पालकांचाही तिला पाठिंबा आहे. चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर राबणाऱ्या बापाने लिलावातील कोटींचे आकडे ऐकून मुलाविषयी स्वप्न पाहिले, तर त्यास आम्ही चूक म्हणू शकत नाही. क्रिकेटही मुलांनी अवश्य खेळावे. बाळूंचा वारसा आपलाच आहे. परंतु अकादमीत मोजकी मुले निवडली जातील आणि बाकीची पुन्हा कुंपणापाशी उभी राहतील, ही आमची भीती आहे.

म्हणून माजी विद्यार्थी बंधुभगिनींना आमची नम्र विनंती आहे. मैदान अखंड राहू द्यावे. देणगीतून चेंडू आणि बूट घ्यावेत, मुलामुलींसाठी एक प्रशिक्षक नेमावा, आणि जवळपासच्या शाळांचे सामने दरवर्षी भरवावेत. सिमेंटची खेळपट्टी एका कडेला हलविता येईल. जुने गोलखांब अद्याप स्वयंपाकघरामागे आहेत. गंज चढला आहे, पण नळ्या शाबूत आहेत. ते पुन्हा उभे करण्याचे श्रम ज्याने ते काढविले, त्यानेच प्रथम करावेत, हे उचित होईल. आम्ही तयार आहोत.

जय भीम! नमो बुद्धाय!