अडकलेलीं माणसें

‘अडकणें’ हें मराठींतलें मोठें घरगुती क्रियापद आहे. धोतराचा सोगा खिळ्याला अडकतो, गाडी घाटांत अडकते, घास घशांत अडकतो आणि उधारींत पैसा अडकतो. या प्रत्येक अडकण्यांत एक दिलासा गृहीत धरलेला असतो. जें अडकलें तें आज ना उद्यां सुटेलच. ‘निर्वासित’ या नांवाला जी करुण छटा आहे ती या शब्दाला नाहीं, आणि म्हणूनच कीं काय, युद्धानें परमुलखांत अडकवून ठेवलेल्या मजुरांकडे जगाचें लक्ष जरा उशिरानेंच जातें. निर्वासितासाठीं १९५१ सालचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यांत त्याची व्याख्या आहे, त्याच्या नांवानें जिनीव्हांत एक मोठी कचेरी आहे. मजुराला घर आहे, देश आहे, त्या देशाला सरकार आहे. फक्त तो त्या घरापासून दोन हजार मैलांवर, हातांत पिशवी घेऊन, वाळूंत उभा आहे. त्याला काय म्हणावें हेंच पुष्कळ दिवस ठरत नाहीं.

२ ऑगस्ट १९९० रोजीं इराकचें सैन्य कुवेतमध्यें शिरलें, तेव्हां त्या चिमुकल्या देशांत कुवेती नागरिकांपेक्षां परदेशी लोकच अधिक होते. एकटे भारतीयच सुमारें १,७०,०००. त्यांत केरळचे सर्वांत अधिक. पण आपल्या रत्नागिरीकडचे आणि गोव्याचे लोकही थोडेथोडके नव्हते. कोंकणाला ही परवड नवी नाहीं. मुंबईच्या गिरण्यांतून आणि आगबोटींवरून येणाऱ्या मनिऑर्डरींवर तेथल्या चुली पिढ्यान्‌पिढ्या पेटत आल्या. आखातांत तेलाचा पैसा खुळखुळूं लागल्यावर मनिऑर्डरीच्या जागीं बँकेचा ड्राफ्ट आला, एवढाच काय तो फरक.

आमच्या वरच्या मजल्यावर खेड तालुक्यांतलें एक कुटुंब राहत असे. कर्ता पुरुष कुवेतमध्यें मोटारदुरुस्तीच्या कारखान्यांत मुकादम होता. बायको आणि तीन मुलें येथें. त्या ऑगस्टचा सबंध महिना त्यांच्या घरचा रेडिओ बंद म्हणून झाला नाहीं. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यांत एका पहाटे तो जिना चढून आला. दाढी वाढलेली, पायांत दुसऱ्याच कोणाच्या तरी वहाणा. बायको दारांत क्षणभर उभी राहिली आणि म्हणाली, “पाणी तापवूं कां?” अकरा वर्षांच्या परदेशवासाचा त्या घरांतला समारोप हा असा झाला.

पुढें हळूहळू त्याची हकीकत कळली. पासपोर्ट मालकाच्या लोखंडी कपाटांत. आखातांतल्या नोकरीची ही सर्वसाधारण रीत. मालक आक्रमणाच्या तिसऱ्या दिवशीं सौदी अरबस्तानाकडे निघून गेला, त्याच्याबरोबर कपाटाची किल्ली गेली आणि दोन महिन्यांचा पगारही गेला. गाठीला जे कुवेती दिनार होते त्यांची किंमत हुकमानें इराकी दिनाराएवढी ठरविण्यांत आली. वास्तविक बाजारांत या दोन नाण्यांत जमीनअस्मानाचें अंतर होतें. म्हणजे लुटारू घरीं न येतांच चोरी झाली. मग वकिलातीनें दिलेला एक कागद, आणि बसनें बसरा, बगदाद व तेथून जॉर्डनची सीमा.

जॉर्डनविषयीं आपल्याकडे फारसें लिहिलें गेलें नाहीं, ही मला खटकणारी गोष्ट आहे. तीसपस्तीस लाख वस्तीचा तो देश. पाण्याचें कायमचें दुर्भिक्ष. व्यापार मुख्यतः इराकशीं, आणि ६ ऑगस्टच्या ठरावानें सुरक्षा समितीनें तोही बंद पाडलेला. अशा घरीं दोनअडीच महिन्यांत सुमारें सात लाख पाहुणे आले. मिसरी मजूर अकाबा बंदरावरून बोटींनीं पलीकडे गेले. बंगाली, सिंहली, फिलिपिनी आणि भारतीय रुवेशिद आणि शालान येथील तळांवर थांबले. यांपैकीं शालानचा तळ तर दोन सीमांच्या मधल्या निर्जन पट्ट्यांत पडला होता. दिवसा तापलेली वाळू, रात्रीं थंडी, तंबूंत विंचू, आणि टँकर आला कीं पाण्यासाठीं झुंबड. लोंढा न आवरल्यामुळें ऑगस्टच्या उत्तरार्धांत जॉर्डनला एकदां सीमा बंदही करावी लागली. पण ती लवकरच उघडली, ही गोष्ट अधिक ध्यानांत ठेवण्यासारखी. आमचा मुकादम सांगे कीं तेथील खेडवळ लोक गाड्यांतून रोट्या आणून वाटीत, आणि कोण कुठला हें विचारीत नसत.

त्याच्या शेजारच्या तंबूंत एक बंगाली पोरगा होता. तो रोज सकाळीं याला विचारी, “तुमचें विमान केव्हां?” स्वतःच्या विमानाबद्दल तो कधींच कांहीं विचारीत नसे. ज्यांच्या सरकारांजवळ धाडायला विमानें नव्हतीं, त्यांच्यासाठीं जिनीव्हाची स्थलांतर-संघटना पुढें आली आणि तिनें दीड लाखांहून अधिक माणसें घरीं पोंचविलीं. त्या पोराचें त्यांत झालें असावें.

आपलीं विमानें मात्र होतीं. १३ ऑगस्टपासून ११ ऑक्टोबरपर्यंत ५९ दिवस एअर इंडियाचीं विमानें अम्मान-मुंबई वाऱ्या करीत होतीं. ४८८ फेऱ्या आणि एक लाख अकरा हजारांहून अधिक माणसें. याचा अभिमान वाटावा यांत गैर कांहींच नाहीं. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले आणि सद्दाम हुसेननें त्यांना कवटाळलें, त्या छायाचित्राची पुष्कळ चेष्टा झाली. मला ती चेष्टा फारशी रुचली नाहीं. ज्याचीं पावणेदोन लाख माणसें दुसऱ्याच्या मुठींत आहेत त्यानें हात कसा मिळवावा, हें आरामखुर्चींत बसून ठरविणें सोपें असतें. २०१६ सालीं या प्रकरणावर हिंदी चित्रपट निघाला. त्यांत सगळें श्रेय एका कल्पित शेठजीच्या पदरांत पडलें. प्रत्यक्षांत मथुन्नी मॅथ्यूज यांच्यासारखे तेथले व्यापारी होते, समित्या होत्या, आणि मुख्य म्हणजे वह्या होत्या. कोण कोठें आहे, कोण गर्भार आहे, कोणापाशीं कागद नाहीं, हें लिहून काढणारे कारकुनी वळणाचे लोक नसते तर विमानें रिकामीं उभीं राहिलीं असतीं. मदत म्हणजे बहुतांशीं याद्या. चित्रपटांत याद्या दिसत नाहींत, याचें नवल नाहीं.

विमान उतरल्यावर वर्तमानपत्रांचें काम संपलें. घरांचें तेथून सुरू झालें. मुकादमाची नोकरी गेली, शाळेची फी राहिली, गांवीं अर्धें बांधलेलें घर तसेंच पावसांत उभें राहिलें.

१९९१ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं इराककडून भरपाई घेऊन देण्यासाठीं एक आयोग नेमला, आणि कांहीं काळानें आमच्या मुकादमाच्या हातीं त्याचा अर्ज आला. इंग्रजी वाचतां येतें म्हणून तो माझ्याकडे आला. तीन संध्याकाळ आम्ही त्या अर्जावर घालविल्या. ‘अ’ वर्गाचा प्रकार असा: ठराविक मुदतींत कुवेत किंवा इराक सोडावें लागलें एवढें दाखविलें कीं एकट्या माणसाला २,५०० डॉलर; आणि दुसऱ्या कोणत्याही वर्गांत मागणी करणार नाहीं असें लिहून दिलें तर ४,०००. ‘क’ वर्गांत एक लाख डॉलरपर्यंतचें नुकसान मागतां येई; पण तें मांडून दाखवावें लागे.

आम्ही मांडूं लागलों. दोन महिन्यांचा पगार. अकरा वर्षांच्या नोकरीअखेर कायद्यानें मिळावयाची रक्कम. फ्रीज, शिलाईचें यंत्र, स्वतःचीं हत्यारें. प्रत्येक ओळीपुढें पुरावा काय, असा प्रश्न. पगार रोखीनें मिळे. करारपत्र मालकाच्या कपाटांत. फ्रीज एका परत जाणाऱ्या मद्रासी माणसाकडून घेतलेला. तो शेवटीं हंसला आणि म्हणाला, “मास्तर, कागदावर पाहिलें तर मी अकरा वर्षें तिथें नव्हतोंच.”

माझें मत ‘क’ वर्गाला होतें. पगार हा दान नव्हे, तो मागितलाच पाहिजे, असा माझा आग्रह. त्याची बायको चहा घेऊन आली होती, ती म्हणाली, “जें लिहितां येत नाहीं तें मागूं नका.” आणि ४,००० च्या चौकोनांत खूण झाली.

त्या आयोगाबद्दल मी आजही एका मताचा नाहीं. त्यानें एक गोष्ट चांगली केली: तेलकंपन्या आणि सरकारें यांच्याआधीं लहान माणसाला रांगेंत पुढें उभें केलें, आणि त्याच्याकडे पावत्यांचा हट्ट धरला नाहीं. एकंदर सुमारें सत्तावीस लाख दावे आले. इराकी बँकांत भरलेली पण घरीं कधींच न पोंचलेली मिसरी मजुरांची रक्कम हाच त्यांतला केवढा मोठा गठ्ठा होता! पण ठोक रकमेंत पगार, बक्षीस आणि अपमान सगळे एका भावानें जमा होतात. मालकाचें नांव हिशेबांतून आपोआप गळतें. शिवाय हा पैसा इराकच्या तेलांतून कापला जात होता, आणि त्याच वर्षांत इराकी इस्पितळांत औषधांचा तुटवडा होता. युद्धांत न पडलेल्या एका मजुराची भरपाई युद्ध न पुकारलेल्या दुसऱ्या गरिबानें केली. जानेवारी २०२२ मध्यें इराकनें शेवटचा हप्ता भरला, एकूण ५२.४ अब्ज डॉलर.

कुवेतमधल्या पॅलेस्टिनी लोकांचें तर याहून विचित्र. तीन लाखांहून अधिक लोकांना तो देश सोडावा लागला, आणि त्यांच्यासाठीं ‘परत’ या शब्दाला कांहीं अर्थच नव्हता.

योगायोग असा, कीं त्याच वर्षीं, १८ डिसेंबर १९९० रोजीं, संयुक्त राष्ट्रांनीं स्थलांतरित कामगार व त्यांचीं कुटुंबें यांच्या हक्कांचा करार संमत केला. तो अमलांत यायला २००३ साल उजाडलें. मजूर जेथें जातात त्या आखाती राष्ट्रांपैकीं एकानेंही तो स्वीकारलेला नाहीं. आणि जेथून ते जातात त्या आपल्या देशानेंही नाहीं. २०११ सालीं लिबियांत यादवी माजली तेव्हां ट्यूनिशियाच्या सीमेवर रास जदीर येथें पुन्हां तेच बंगाली मजूर, त्याच पिशव्या, पाण्याची तीच रांग.

आमचा मुकादम १९९२ सालीं पुन्हां कुवेतला गेला; मालक दुसरा, काम तेंच. भरपाईचें पत्र पुष्कळ वर्षांनीं आलें, तेव्हांही तो तिकडेच होता. बायको तें घेऊन माझ्याकडे आली. मीं आंकडा वाचून दाखविला. तिनें तो दोनदां म्हणवून घेतला. गांवच्या घराचें छप्पर त्या पावसाळ्याआधीं झालें. पत्र तिनें ट्रंकेच्या तळाशीं ठेवलें. नव्या पासपोर्टाची आणि नव्या करारपत्राची एकेक नक्कल तेथें आधींच होती. तो निघण्यापूर्वीं तिनेंच त्या करून घेतल्या होत्या.