हत्यारं घेण्याआधी

महाड

चि. बाळास,


पिकअपचे बॉल जॉइंट घरीच बदलायचे म्हणतोस आणि हत्यारं कोणती घेऊ, असं विचारतोस. फोनवर नुसती नावं सांगितली असती तर तू दुकानातला सगळ्यात मोठा बॉक्स सेट उचलून आणला असतास, म्हणून लिहायला बसलो. मोठा सेट घेऊ नकोस. हिशोब एकच धर. जे हत्यार ऐन कामात दगा देऊन माणूस जायबंदी करील, त्यात पैसा घाल. जे मोडलं तर नुसतं काम अडेल, ते शेजारून मागून आण.

आधी गाडीखाली शिरून बघ. पुढे आडवा अखंड ॲक्सल आणि पाटे दिसले, तर बहुतेक चाक किंग पिनवर वळत असणार. मग बॉल जॉइंट सापडतील ते स्टिअरिंगच्या दांड्यांच्या टोकांना. ते काम सोपं, हत्यारंही थोडी. वरखाली दोन आर्म आणि मध्ये कॉइल स्प्रिंग असेल तर मात्र चाक जिच्यावर बसतं ती नकल दोन बॉल जॉइंटवरच उभी असते. अमेरिकेत १९५२ च्या लिंकन मोटारीने किंग पिन सोडून ही रचना घेतली आणि मग ती झपाट्याने पसरली. बहुतेक जड ट्रक आजही किंग पिनवरच चालतात.

स्प्रिंग खालच्या आर्मवर बसली असेल तर सगळं ओझं खालच्या जॉइंटवर येतं, म्हणून तोच आधी झिजतो. तपासायचं तर जॅक खालच्या आर्मला, जॉइंटच्या जितका जवळ लावता येईल तितका लाव आणि चाक जमिनीपासून जरा उचल. टायरखाली टॉमी घालून वर दाब आणि जॉइंटपाशी नजर ठेव. मग चाक वरखाली धरून हलव. हललं तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांग. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर दोष बेअरिंगचा, जॉइंट कशाला बदलतोस? तरीही हलत राहिलं तर जॉइंट गेला. तू आंबेनळी घाटातून महाबळेश्वरची गाजरं, स्ट्रॉबेरी घेऊन उतरतोस. प्रत्येक वळणावर ब्रेक आणि स्टिअरिंग यांचा ताण एकाच वेळी जॉइंटमधल्या गोळीवर येतो. ती आपल्या वाटीतून निसटली तर चाक आडवं पडतं आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. म्हणून या कामात चालढकल नको.

आता तो जॉइंट आर्मला कसा धरलाय ते बघ. बोल्टवर असेल तर पाने पुरतात. रिव्हेट असतील तर ड्रिल किंवा ग्राइंडर लागेल. ठोकून बसवलेला असेल तर प्रेसशिवाय हात लावू नकोस. हे न बघता दुकानात जाणाऱ्याचे पैसे फुकट जातात.

पहिला पैसा स्टँडवर. तुझ्या अंगणात माती आहे आणि पावसाळ्यात तिचा लगदा होतो. जॅक आणि स्टँड, दोन्हींखाली जाड फळी किंवा लोखंडी प्लेट घाल. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लाव, पण गाडी दगडविटांवर कधी तोलू नकोस. वीट ऐन वेळी भुगा होऊन बसते. जॅक उचलण्यासाठी असतो, तोलून धरायला स्टँड. आणि स्प्रिंग विसरू नकोस. ती दाबलेली असते आणि तिला उसळायला वाटच हवी असते. जॉइंट सोडवण्याआधी खालच्या आर्मला जॅकचा आधार दे, आणि नट पुरता काढू नकोस, चार आटे राहू दे. मग जॉइंटच्या दांड्याचा टेपर नकलेतून सुटला तरी आर्म नटावर अडकतो.

टेपर सोडवायला लोक तीन गोष्टी वापरतात. पहिली दोन बोटांची पाचर. ती घुसवून घण मारला की जॉइंट सुटतो, पण रबरी बूट फाटतो. जुना जॉइंट फेकायचाच असेल तर चालेल. स्टिअरिंगच्या दांडीचा चांगला जॉइंट परत लावायचा असेल तर तिला हात लावू नकोस. दुसरी नुसता हातोडा. टेपर ज्यात बसतो त्या नकलेच्या डोळ्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून धर, दुसऱ्या बाजूने दुसरा हातोडा मार. डोळा क्षणभर दबतो आणि टेपर सुटतो. आटे असलेल्या टोकावर कधी मारू नकोस, आटे चेपले की नट जाणार नाही. तिसरी गोष्ट पुलर, आणि पैसा इथे घाल. ओतीव स्वस्त पुलरचा जबडा दाबाखाली तडकतो आणि तुकडा तोंडावर येतो. घडीव घे, जबडा तुझ्या नकलेच्या डोळ्यावर बसतो का ते दुकानातच मापून बघ. स्क्रूला ग्रीस लाव, ताण दे, मग डोळ्यावर बाजूने एक टोला. सुटतो तेव्हा मोठा आवाज होतो, तोंड समोर ठेवू नकोस.

सी-आकाराचा प्रेस महाग पडतो, आणि तुझं काम वर्षातून एखाद्या वेळचं. तो विकत घेऊ नकोस. आर्म गाडीला बोल्टने धरलेला असेल तर तो सोडवून महाडला आण, इथे लेथवाल्याकडे हायड्रॉलिक प्रेस असतो. जुना आणि नवा, दोन्ही जॉइंट बरोबर आण, म्हणजे तो बाहेरच्या मापाचा कप ईएन-८ च्या तुकड्यातून फिरवून देईल. नवा जॉइंट दाबताना बळ धातूच्या कडेवरच पडलं पाहिजे, बूटवर किंवा मधल्या झाकणावर नाही.

पान्याच्या गोट्या घेताना सहा कोनी घे. बारा कोनी गोटी गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करते. इम्पॅक्ट गन लावणार असशील तर काळ्या, जाड इम्पॅक्टच्याच गोट्या. चकचकीत क्रोमच्या गोट्या धक्क्याने फुटतात. हाताचे पाने नाशिकच्या तपारियाचे पुरे आहेत. भोकाची खरवड काढायला जे.के.ची कानस घे. टॉर्क रेंच कुणाचा तरी मागून आण, पण त्याशिवाय नट आवळू नकोस. आकडा गाडीच्या पुस्तकातला घे, ऐकीव नको. आणि स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट मागे ढिला करू नकोस, पुढेच आवळून जुळव. नवी पिन दरवेळी घाल.

कोकणात गंज वाट बघत बसलेला असतो. काम सकाळी करायचं तर गंज सोडवणारा स्प्रे आदल्या रात्री मार. २२ जुलै २०२१ ला महाडात पूर आला तेव्हा बाजारपेठेत पाणी शिरलं आणि गाड्याच्या गाड्या बुडाल्या. बूट फाटलेल्या जॉइंटमध्ये असा पुराचा चिखल गेला की ग्रीसमध्ये रेती मिसळते आणि गोळी व वाटी खरवडली जातात. म्हणून जॉइंटइतकाच बूटही बघत जा. जॉइंटला ग्रीसचं निप्पल असेल तर पाऊस सुरू होण्याआधी ग्रीस मार, पण बूट फुगेपर्यंत नको. हत्यारं पुसून, तेलाचा हात फिरवून उंच फळीवर ठेव.

काम झालं की गाडी सावकाश इकडे आण, अलाइनमेंट करून घेऊ. जॉइंट बदलल्यावर चाकाचा कोन सरकतो आणि टायर एका कडेनेच झिजतो. त्याआधी घाटात माल घालू नकोस. ताईला सांग, शनिवारी जेवायला येतो.

तुझा मामा