कोकम सरबत, माठ आणि ‘कारण’

‘शास्त्रीय कारणे द्या’ हा प्रश्न आठवतो? दोन मार्कांचा. गाइडमधलं उत्तर पाठ करायचं, शेवटी ‘म्हणून’ लिहून प्रश्नातलंच वाक्य परत उतरवायचं, की झालं. आपण सगळे त्याच्यावरच पोसलोय. नोकरी लागली तरी सवय जात नाही. बग का आला? ‘कॅशिंग इश्यू.’ तिकीट क्लोज! नाव दिलं म्हणजे कारण दिलं, असं वाटतं आपल्याला.

हे सगळं आठवलं ते भाचीमुळे. ती चौथीत आहे आणि शनिवारी आमच्याकडे असते. तिच्या वहीत होतं, ‘थंड पाण्याच्या ग्लासाबाहेर थेंब जमतात, कारण बाष्पाचे संघनन होते.’ शेजारी बाईंची लाल टिक. मी विचारलं, म्हणजे काय गं? तर म्हणे, ‘पाणी आतून पाझरतं मामा, माठातून पाझरतं ना, तसं.’

हसू नका. उत्तर चूक आहे, पण टिकवाल्या वाक्यापेक्षा मला तेच जास्त आवडलं. त्यामागे तिनं स्वतः पाहिलेला माठ आहे. आणि मुख्य म्हणजे ते तपासून बघता येतं.

मुलांना असं लिहायला शिकवायची एक साधी पद्धत आहे. कॅथरिन मॅकनील आणि जोसेफ क्रायचिक या अमेरिकन अभ्यासकांनी ती शाळांसाठी मांडली, आणि तिचं मूळ स्टीफन टूलमिन या तत्त्वज्ञाच्या १९५८ सालच्या पुस्तकात आहे. तीन प्रश्न: तुझं म्हणणं काय? पुरावा काय? आणि त्या पुराव्यावरून हेच म्हणणं कसं निघतं? पहिले दोन मुलांना पटकन जमतात. घोडं अडतं ते तिसऱ्यापाशी (आमच्या डिझाइन रिव्ह्यूमध्येही तिथंच अडतं, असो).

तर आम्ही स्टीलच्या ग्लासात फ्रिजमधलं गार कोकम सरबत ओतलं. दिवस पावसाळ्याचे, पाच मिनिटांत बाहेर थेंब. पांढऱ्या रुमालानं थोडे टिपले, रुमाल पांढराच. भाची खूष, ‘आतून आलं असतं तर लाल डाग पडला असता!’ तेवढ्यात तिचा दुसरीतला भाऊ म्हणाला, ‘ग्लासानं गाळून घेतलं असेल. रंग आत, पाणी बाहेर.’

घ्या! आता आली का पंचाईत? पण शंका एकदम रास्त होती. मी गप्प बसलो (सांगून टाकायचा मोह फार वाईट असतो). बराच खल झाल्यावर बहिणीचा केक करायचा वजनकाटा आला. पुन्हा गार सरबत, ग्लास बाहेरून कोरडा पुसलेला, वर झाकणी, आणि वजन. अर्ध्या तासानं थेंबांसकट पुन्हा वजन. दोन ग्रॅम जास्त!

मग तिनं लिहिलं ते असं: ‘थेंब आतून येत नाहीत. ग्लासाचं वजन वाढलं. आतलं पाणी बाहेर येऊन चिकटलं असतं तर वजन तेवढंच राहिलं असतं. म्हणून हे पाणी दुसरीकडून आलं.’

दुसरीकडून म्हणजे कुठून, हे वजनकाटा सांगत नाही. तिथं मोठ्यांनी थोडी मदत करावीच लागते. वाळत घातलेल्या कपड्यांतलं पाणी कुठं जातं, असं विचारल्यावर ती हवेपर्यंत पोचली. हवेतलं ते न दिसणारं पाणी म्हणजे बाष्प, आणि गार ग्लासाला लागून त्याचं पुन्हा पाणी होणं म्हणजे संघनन, हे मी सगळ्यात शेवटी सांगितलं. आधी सांगितलं असतं तर वजनकाटा बाहेर आलाच नसता, असं माझं स्पष्ट मत आहे.

शाळेवर राग नाही. एका वर्गाच्या पन्नास वह्या म्हटल्यावर बाई ‘संघनन’ शब्द शोधून टिक करणार, त्यांनी तरी काय करावं? पण चाचणी जवळ आलीय आणि भाचीचा प्रश्न चोख होता, ‘मामा, पेपरात कुठलं लिहू?’ एका उत्तराला छापील ओळी दोन, हिची वाक्यं चार. मी म्हटलं, पहिल्या वाक्यात संघनन लिही आणि खाली तुझं. मार्क कापले गेले तर? बहिणीचा चेहरा मी पाहिलाय, त्याबद्दल न बोललेलं बरं.

सध्या ती अक्षर बारीक काढायची प्रॅक्टिस करतेय.