जस्तावरचा रंग

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला घरी मारलेला रंग सहसा एकाच जागी आधी सुटतो. बाजूचं पॅनेल जिथे सरकवून बसवतात, ती कड. तिथे नख घातलं की उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा अख्खा पापुद्रा हातात येतो. गाड्या, कपाटं, यंत्रांच्या बॉड्या रंगवण्यात माझी हयात गेली. असा पापुद्रा मी उलटा करून बघतो. मागची बाजू गुळगुळीत असेल, तर रंगाने पत्र्याला कधी धरलंच नव्हतं.

हा पत्रा साधा लोखंडी नसतो. बहुतेक कॅबिनेटं जस्ताचा पातळ मुलामा चढवलेल्या पोलादी पत्र्याची असतात, म्हणून आतली न रंगवलेली बाजूही सहसा गंजत नाही. पण रंगाला हेच जस्त नडतं. खिडकीच्या ग्रिलला मारतात तो ऑइल पेंट थेट त्यावर मारला, की दमट हवेत त्यातल्या तेलाची जस्ताच्या क्षारांशी अभिक्रिया होऊन मधल्या थरात चक्क साबण तयार होतो. वरून रंग तुकतुकीत, खाली निसरडं. मग कितीही हात मारा.

म्हणून माझा निम्म्याहून जास्त वेळ गन हातात घेण्याआधीच जातो. रिव्हेट ड्रिलने काढून सांगाडा सुटा करायचा. आधी साबणाचं पाणी, मग थिनरचं फडकं, आणि त्यानंतरच पॉलिश पेपर. उलटा क्रम केला तर तेलकटपणा ओरखड्यांत रुतून बसतो. कंपनीचा जुना रंग घट्ट असेल तर तो खरवडू नये. 400 नंबरने नुसती चमक मारावी. तो भट्टीत भाजलेला असतो, त्याच्याइतका चांगला पाया घरी होत नाही. शेवटी पत्र्यावर पाणी ओता. पाणी सलग पसरून राहिलं तर जमलं. थेंबाथेंबांत फुटलं तर तेल अजून आहे, पुन्हा धुवा. नव्या पोराला मी आधी हेच शिकवतो.

जिथे जस्त उघडं पडलं असेल तिथे एपॉक्सी प्रायमर, आणि वर हार्डनर मिसळलेला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग. स्प्रेच्या डब्यातला साधा अ‍ॅक्रिलिक रंग सुकतो म्हणजे त्यातला थिनर उडून जातो, एवढंच. महिन्यानंतरही थिनरचं फडकं फिरवलं तर तो फडक्यावर उतरतो. पीयूचे रेणू एकमेकांत गुंततात, म्हणून तो थिनरला दाद देत नाही. मात्र पूर्ण कडक व्हायला त्याला आठवडाभर द्यावा. आणि हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासात गेला तर कायमचा दमा जडू शकतो. रुमाल किंवा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही. घराच्या गॅलरीत हे काम करू नका, हात जोडून सांगतो.

भर पावसाळ्यातही टाळावं. थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि काळ्या रंगावर पांढरट झाक येते.

सगळ्यांत दणकट काम पावडर कोटिंगचं. विद्युतभारित पावडर पत्र्याला चिकटते आणि 180 ते 200 अंशांच्या भट्टीत वितळून एकजीव होते. प्लॅस्टिकचा पुढचा भाग अर्थातच आधी काढायचा, तो त्या उष्णतेत टिकणार नाही. आतल्या कोपऱ्यांत पावडर नीट शिरत नाही, कारण विद्युतभार कडांवर एकवटतो; तिथे गनचा दाब आणि व्होल्टेज कमी करून हात फिरवावा लागतो. थर 60 ते 80 मायक्रॉनचा बसतो, त्यामुळे आटे बुजतात आणि सरकणारं पॅनेल अडकतं. स्क्रूच्या भोकांत सिलिकॉनची बुचं आणि पॅनेल सरकतं त्या खाचांवर उष्णतेला टिकणारी टेप लावूनच जॉब भट्टीत घालावा. मदरबोर्ड ज्या खुंट्यांवर बसतो त्या जागा आणि पॉवर सप्लाय टेकतो ती मागची चौकट, एवढा पत्रा मी मुद्दाम उघडा ठेवतो. अर्थिंग तिथून जातं.