ग्रंथालयाचा व्रती

वर्ग म्हटला म्हणजे गजबज आलीच. शंका विचारणारे विद्यार्थी आले, फळ्यावर भराभर उमटणारी गणिते आली, उत्तर जुळताच उजळणारे चेहरे आले. अशा गजबजाटात रमलेल्या एका तरुण प्राध्यापकाला १९२४ च्या जानेवारी महिन्यात एकाएकी नीरव शांततेत जाऊन बसावे लागले. समोर विद्यार्थी नव्हते. होती ती केवळ पुस्तकांची कपाटे. ती काही विचारत नव्हती आणि काही सांगतही नव्हती. त्या तरुणाचा जीव गुदमरू लागला.

हा तरुण म्हणजे शियाळी रामामृत रंगनाथन. तमिळ प्रदेशातील शियाळी या गावी १८९२ साली त्यांचा जन्म झाला. मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात गणित विषय घेऊन ते एम. ए. झाले आणि पुढे त्याच विषयाचे अध्यापक झाले. शिकवणे हा त्यांचा केवळ व्यवसाय नव्हता, तो त्यांचा आनंद होता. परंतु मद्रास विद्यापीठाने १९२३ साली ग्रंथपालाची जागा नव्याने निर्माण केली आणि स्नेह्यांच्या आग्रहाखातर रंगनाथन यांनी तिच्यासाठी अर्ज केला. सुमारे नऊशे उमेदवारांचे अर्ज आले होते. मात्र ग्रंथालयाचे शास्त्र शिकलेला त्यांत एकही नव्हता. रंगनाथन यांचे या विषयाचे ज्ञान तरी किती? मुलाखतीच्या काही दिवस आधी विश्वकोशातील एक लेख त्यांनी वाचला होता, एवढेच! तरीही गणितातील त्यांचे संशोधन पाहून निवड समितीने त्यांनाच पसंत केले.

जागा मानाची होती. पण मन रमेना. थोड्याच आठवड्यांत ते विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांकडे गेले आणि आपल्याला पुन्हा वर्गावर पाठवावे, अशी त्यांनी विनवणी केली. अधिकारी सुज्ञ होते. त्यांनी एक तोड काढली. रंगनाथन यांनी इंग्लंडला जावे, तेथील ग्रंथालये पाहावीत, त्यांचे शास्त्र शिकावे. परत आल्यावरही मन लागले नाही, तर गणिताची जागा त्यांचीच.

त्याच वर्षी रंगनाथन लंडनला गेले आणि तेथील युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकू लागले. परंतु त्यांची खरी शाळा भरली ती गावोगावच्या ग्रंथालयांत. एकामागून एक अशी शंभराहून अधिक ग्रंथालये त्यांनी हिंडून पाहिली. क्रॉयडन येथील ग्रंथालयाचे प्रमुख बर्विक सेयर्स हे त्यांचे गुरू. ग्रंथालय केवळ विद्वानांसाठी नसते, हे रंगनाथन यांना तेथे प्रत्यक्ष दिसले. कामावरून परतणारा कामगार तेथे येई, घरकाम आटोपून गृहिणी येई, आणि मुलांसाठी तर निराळे दालनच असे. पुस्तके तीच, पण ती हातांहातांतून फिरत होती. मद्रासच्या त्या शांततेचा अर्थ आता त्यांना उमगला. कंटाळा पुस्तकांचा नव्हता. उणीव होती ती वाचकांची. वाचक नसलेले ग्रंथालय म्हणजे मुले नसलेली शाळाच नव्हे काय?

आणखी एक गोष्ट त्यांच्या गणिती मनात खोल रुतून बसली. अमेरिकेतील मेल्व्हिल ड्यूई यांनी १८७६ साली पुस्तकांच्या वर्गीकरणाची एक पद्धत प्रसिद्ध केली होती. साऱ्या ज्ञानाचे दहा मुख्य विभाग, प्रत्येकाचे पुन्हा दहा, त्यांचे पुन्हा दहा, अशी तिची मांडणी. पद्धत मोठी सोयीची. परंतु एकाच पुस्तकात अनेक विषय गुंफलेले असतील, तर ते कोठे ठेवायचे? ‘कोकणातील भातपिकावरील रोग’ असे एखादे पुस्तक असेल, तर ते शेतीचे म्हणावे, रोगांचे म्हणावे, की कोकणाचे? आधीच पाडून ठेवलेल्या खणांत असे पुस्तक नीट बसत नाही.

या विचारात असताना लंडनमधील एका मोठ्या दुकानात त्यांनी एक खेळणे पाहिले. लोखंडी पट्ट्या, चाके, खिळे आणि चाक्या यांचा तो संच होता. विक्रेता त्याच तुकड्यांतून कधी एक वस्तू जुळवी, तर कधी ती मोडून दुसरी उभी करी. रंगनाथन यांना आपल्या कोड्याचे उत्तर सापडले. विषयांसाठी तयार खण कशाला हवेत? विषयाचे सुटे घटक करावेत आणि पुस्तक हाती येईल त्याप्रमाणे ते जोडावेत. शेती, भात, रोग, कोकण हे चार तुकडे जोडले, की त्या पुस्तकाचा नेमका पत्ता तयार! हे तुकडे जोडण्यासाठी त्यांनी दोन टिंबांचे विरामचिन्ह वापरले. म्हणून त्यांच्या पद्धतीला ‘द्विबिंदू वर्गीकरण’ असे नाव पडले. १९३३ साली तिचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

१९२५ साली रंगनाथन मायदेशी परतले. गणिताची जागा त्यांनी पुन्हा मागितली नाही. ज्या खोलीत त्यांचा जीव गुदमरला होता, तीच आता त्यांची कर्मभूमी झाली.

तेथील त्यांचा दिनक्रम ऐकला म्हणजे थक्क व्हायला होते. ते रोज तेरा-तेरा तास काम करीत. आठवड्याचे सातही दिवस ग्रंथालयात त्यांची पावले वळत. सुमारे वीस वर्षे त्यांनी दीर्घ रजा म्हणून घेतली नाही. त्यांचा विवाह झाला त्या दिवशीचीच गोष्ट. सकाळी मंगलविधी उरकले आणि दुपारी नवरदेव ग्रंथालयात हजर! आज आपल्याला याचे हसू येईल. पण ज्याचे काम हेच ज्याचे सुख झाले आहे, त्याला रजा कशापासून घ्यायची?

एवढे काम ग्रंथालयात असते तरी काय, असे कोणालाही वाटेल. बाहेरून पाहणाऱ्याला ग्रंथपाल म्हणजे पुस्तके देणारा आणि घेणारा माणूस. परंतु नवे पुस्तक कपाटात जाण्यापूर्वी किती संस्कार त्याच्यावर होतात! प्रथम दाखलनोंदवहीत त्याची नोंद होते. त्याला क्रमांक मिळतो. मग ग्रंथपाल ते उघडतो. मुखपृष्ठावरील नाव पुष्कळदा फसवे असते. म्हणून प्रस्तावना, अनुक्रमणिका आणि अधलीमधली प्रकरणे चाळून त्याचा खरा विषय शोधावा लागतो. त्यानंतर वर्गांक ठरतो, सूचीपत्रे लिहिली जातात, पाठीवर चिठ्ठी डकवली जाते आणि मगच ते पुस्तक आपल्या भावंडांशेजारी जाऊन बसते. ग्रंथपालाचे वाचन इतरांहून वेगळे असते ते असे. आपण आपल्यासाठी वाचतो. तो दुसऱ्यासाठी वाचतो. ‘हे पुस्तक कोणाच्या उपयोगी पडेल?’ हा एकच प्रश्न पानोपानी त्याच्या मनात जागा असतो.

त्या काळी पुष्कळ ग्रंथालयांत पुस्तके कुलूपबंद असत. वाचकाने यादी पाहायची, चिठ्ठी लिहून द्यायची आणि तिष्ठत बसायचे. शिपायाने आणलेले पुस्तक नको असलेले निघाले, की पुन्हा चिठ्ठी आणि पुन्हा प्रतीक्षा! रंगनाथन यांना हे मान्य नव्हते. वाचकाला कपाटांपर्यंत मोकळेपणाने जाता यावे, त्याने पुस्तक हाती घेऊन चाळावे, आणि तो गोंधळला तर साहाय्याला जाणकार माणूस उभा असावा, असा त्यांचा आग्रह होता. पुस्तके हरवतील, अशी भीती अनेकांना वाटे. पण कपाटात सुरक्षित पडून राहिलेले पुस्तकसुद्धा हरवल्यासारखेच असते, हे त्या भीतीपोटी लोक विसरत.

आपल्या कामामागील मूळ तत्त्वे कोणती, याचा शोध त्यांचे गणिती मन सतत घेत होते. भूमितीत थोड्याशा गृहीतकांवर केवढी इमारत उभी राहते! तशी ग्रंथालयशास्त्राची गृहीतके कोणती? १९२८ साली ते या प्रश्नाने पुरते पछाडले होते. एके दिवशी त्यांचे कॉलेजातील जुने गुरू प्राध्यापक एडवर्ड रॉस ग्रंथालयात आले. शिष्याची अस्वस्थता त्यांनी ओळखली, त्याचे म्हणणे ऐकून घेतले आणि सहज सुचवले, की पुस्तके वापरण्यासाठी असतात, हेच तुझे पहिले सूत्र नव्हे काय? गाठ सुटली! उरलेली चार सूत्रे त्यामागोमाग आली. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळायला हवे. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक लाभायला हवा. वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये. आणि ग्रंथालय हे सजीवासारखे वाढत राहते, याचे भान ठेवायला हवे. ही पंचसूत्री १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. दिसायला किती साधी सूत्रे! परंतु जगभरातील ग्रंथपाल आजही ती अभ्यासतात.

वाचक ग्रंथालयापर्यंत येऊ शकत नसेल, तर ग्रंथालयाने वाचकाकडे जायला हवे, हे याच सूत्रांतून ओघाने येते. १९३१ सालीच तमिळ प्रदेशातील मन्नारगुडी येथून पुस्तकांनी भरलेली एक बैलगाडी खेडोपाडी फिरू लागली. धान्य वाहणारी गाडी ज्ञान वाहू लागली. ग्रंथालयांना कायद्याचा आधार मिळावा, यासाठीही रंगनाथन झटले. १९४८ साली मद्रास प्रांतात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. स्वतंत्र भारतातील असा तो पहिला. पुढे १९६७ साली महाराष्ट्रानेही आपला ग्रंथालय कायदा केला.

मद्रासनंतर रंगनाथन यांनी वाराणसी व दिल्ली येथे काम केले. वाराणसीच्या हिंदू विद्यापीठातील लाखभर ग्रंथांचे वर्गीकरण त्यांनी स्वतःच्या हाताने केले, असे सांगतात. साठी उलटली तरी त्यांची लेखणी थांबली नाही. जन्मभर साधेपणाने राहून साठवलेल्या पैशांतून त्यांनी मद्रास विद्यापीठाला एक लाख रुपये दिले, तेही पत्नी शारदाबाई यांच्या नावाने ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन स्थापन व्हावे म्हणून. १९५७ साली भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरवले. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूर येथे हा व्रती कायमचा विसावला. १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिन मानून आपल्या देशात ‘ग्रंथपाल दिन’ पाळला जातो.

गणिताचा हा अध्यापक वर्ग सोडून गेला, असे म्हणावे काय? छे! त्याने आपला वर्ग मोठा केला. पूर्वी त्याच्यापुढे चाळीस-पन्नास विद्यार्थी असत. पुढे ज्याला ज्याला वाचावेसे वाटले, तो तो त्याचा विद्यार्थी झाला.

शाळेच्या ग्रंथालयात आपल्याला हवे ते पुस्तक क्षणात सापडते, तेव्हा त्यामागे कोणीतरी ते पारखलेले, नोंदलेले आणि जागच्या जागी ठेवलेले असते. त्या अबोल श्रमांची परतफेड अवघड नाही. पुस्तक वाचावे, जपावे आणि वेळेवर परत करावे. कारण त्याची वाट पाहणारा दुसरा वाचक कोठेतरी असतोच.