पुढचे दोन स्पीकर

आमच्या घरातला सान्सुईचा रिसिव्हर माझ्याहून थोडा धाकटा. मस्कतला नोकरीला असलेल्या काकांनी तो सुट्टीवर येताना आणला. पाठीमागे व्होल्टेज निवडायची कळ होती, म्हणून आपल्याकडच्या विजेवरही तो बिनतक्रार चालला. संध्याकाळी आकाशवाणी आणि जेवणं झाली की रेकॉर्ड, असा बाबांचा क्रम. तंबोरे दोन्हीकडे, तबला एका अंगाला आणि गाणारे कुमार गंधर्व बरोबर मध्ये, जिथे एकही स्पीकर नाही तिथे! लहानपणी मी त्या रिकाम्या जागेकडे टक लावून बघत बसायचो.

ॲलन ब्लमलाइन हा इंग्रज इंजिनिअर, त्याने १९३१ साली या स्टिरिओच्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. रेकॉर्डच्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन वेगळे आवाज कोरण्याची युक्ती त्यातच आहे. त्याला हे सुचलं सिनेमा बघताना, असं सांगतात. पडद्यावरचा माणूस एका कडेला आणि त्याचा आवाज मात्र भलतीकडून. म्हणजे स्टिरिओचं मूळ सिनेमाच्या थिएटरातलं. म्हणूनच घरात सिनेमासाठी पाच स्पीकर आणि सबवूफर आले, तेव्हा सान्सुईला माळ्यावर टाकणं मला पटेना.

नव्या एव्ही रिसिव्हरवर सिनेमा छानच वाटायचा. पाऊस मागून यायचा, संवाद मधल्या स्पीकरमधून स्वच्छ ऐकू यायचे. गाणं लावलं की मात्र आवाज अंगाने बारीक वाटे. मध्यम किमतीच्या अशा यंत्रात एकाच ट्रान्सफॉर्मरवर सगळ्या स्पीकरांचा भार असतो. पण माझ्या यंत्राच्या पाठीवर ‘प्री-आउट’ची भोकं होती. तिथून पुढच्या डाव्या-उजव्या स्पीकरचा सिग्नल ताकद चढण्याआधीच बाहेर काढता येतो. तो साध्या आरसीए केबलने सान्सुईच्या ऑक्स इनपुटमध्ये दिला आणि ते दोन स्पीकर नव्या यंत्रावरून पूर्णपणे सोडवून सान्सुईला जोडले. एका स्पीकरला दोन ॲम्प्लिफायर कधीही जोडायचे नाहीत, आणि एकाचं स्पीकर-आउट दुसऱ्याच्या इनपुटमध्ये तर नाहीच नाही. दोन्हींत यंत्र जळतं.

सान्सुईच्या मागे प्री, म्हणजे सिग्नल सांभाळणारा भाग, आणि मेन, म्हणजे ताकद चढवणारा भाग, यांना जोडणाऱ्या धातूच्या छोट्या पट्ट्या आहेत. त्या काढून सिग्नल थेट मेन-इनमध्ये घालता आला असता; मग सान्सुईचं आवाजाचं बटण निकामी, कोणी फिरवलं तरी फरक नाही. तो मार्ग जास्त सुरक्षित आहे, हे मला मान्य आहे. पण पट्ट्या काढल्या की रेकॉर्डचा आवाजही नव्या यंत्रातून फिरवून आणावा लागतो. बाबांच्या रेकॉर्डी सुईपासून स्पीकरपर्यंत सान्सुईनेच वाजवाव्यात, हा माझा हट्ट. म्हणून पट्ट्या जागेवर राहिल्या.

त्याची किंमत म्हणजे शिस्त. एव्ही रिसिव्हरचा माइक बसायच्या जागी ठेवून स्पीकरांची पातळी जुळवली, तेव्हा सान्सुईचं बटण जिथे होतं तिथे पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. सिनेमाच्या वेळी बटण ठिपक्यावर, बास आणि ट्रेबल मध्यावर, लाउडनेस बंद. आवाज कमी-जास्त करायचा तो फक्त नव्या यंत्रावर. बटण थोडं जरी पुढे सरकलं तरी पुढचे स्पीकर बाकीच्यांवर कुरघोडी करतात आणि मधून येणारे संवाद दबतात. आधी रेकॉर्ड ऐकली असेल तर हे हमखास होतं, त्यामुळे ठिपका बघणं आता घरात सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय.

आता सिनेमातलं पार्श्वसंगीत सुरू झालं की खोली रुंद होते. व्हायोलिनला पूर्वी नसलेलं वजन आलं आहे. आणि रेकॉर्डच्या वेळी नवं यंत्र बंदच असतं. कुमार पुन्हा त्या मोकळ्या जागेत गातात.

पासोड्या विठोबाच्या देवळाजवळचे दुरुस्तीवाले म्हणतात, सान्सुईच्या आतले मोठे कपॅसिटर आता थकलेत, बदलून घ्या. दिवाळीनंतर देणार आहे त्यांच्याकडे. तो परत येईपर्यंत पाचही स्पीकर नव्या यंत्रालाच जोडून सिनेमा ऐकू. रेकॉर्डी मात्र थांबतील.