सागाच्या रानातून सहस्रकुंडाकडे

पोळा होऊन गेला होता. निलंग्याकडे सोयाबीनच्या शेंगा भरत होत्या आणि नेमका तेव्हाच पाऊस ओढ देऊन बसला होता. अशा दिवसांत आम्ही धबधबे पाहायला निघालो. मंडळी सगळी ओळखीचीच, वयं मात्र वेगवेगळी: कॉलेजची पोरं, दोघे शेतकरी भाऊ, औषध दुकानदार आणि सगळ्यांत पुढे चालणाऱ्या निवृत्त शिक्षिका, म्हणजे आमच्या बाई. लातूरच्या माणसाला पाण्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून दहा टाक्यांची पहिली पाणीगाडी लातूर स्टेशनात शिरली, तेव्हा ती बघायला गेलेलेही आमच्यात होते.

उदगीर, नांदेड, भोकर. हिमायतनगर मागे पडलं आणि रस्त्याच्या कडेला साग सुरू झाला. मराठवाड्यात जसजसं पूर्वेला सरकावं तसतसा पाऊस वाढत जातो. किनवट-माहूरचा पट्टा त्यातला सगळ्यांत ओला. इथं डोंगर हिरवे होते आणि सागाच्या शेंड्यांवर पांढरट मोहोर आलेला होता.

पैनगंगेवरच्या सहस्रकुंडापर्यंत गाडी जाते. आम्हाला मात्र रानातल्या नाल्यांवरचे धबधबे पाहायचे होते, चार महिने पडणारे आणि पाटीवर नाव नसलेले. वनरक्षकाला विचारून आणि तांड्यावरच्या एका मामांना सोबत घेऊन आम्ही इस्लापूरच्या अलीकडेच डांबरी सोडली.

थोडं अंतर गुरांची वाट होती, मग तीही संपली. घाणेरीच्या काट्यांतून मामा कुऱ्हाडीच्या दांड्यानं फांद्या बाजूला सारत पुढे, आम्ही मागे. एका पोरानं सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं तर हात कुंकवासारखा लाल झाला. त्यावरून जरा हसणं झालं, पुढे उतार लागला आणि बोलणं थांबलं. शेवाळलेला काळा पाषाण पाय धरू देत नव्हता. मामांनी दोर झाडाला बांधला. बाई दोराला धरून, कड्याकडे तोंड करून, एकेक पाय चाचपत उतरल्या. त्यांना हात द्यायला कुणी धजावलं नाही. त्यांनी तो घेतलाही नसता.

खाली पहिला धबधबा होता. उंची दोन माणसांएवढी, पण पाणी पडत होतं तिथं खडकात रांजणखळगे झाले होते. प्रवाहाबरोबर आलेले गोटे भोवऱ्यात अडकतात, वर्षानुवर्षं फिरत राहतात आणि बेसॉल्ट कोरून काढतात. एका खळग्यात मी हात घातला. कोपरापर्यंत गुळगुळीत भिंत, तळाशी तीन वाटोळे गोटे. अवजारं अजून कामावरच होती.

पुढचा धबधबा नाल्याच्या पलीकडे होता. पाणी गुडघ्याएवढं. हाताला हात धरून साखळी केली, पुढची पोरं पाण्यात उतरलीसुद्धा, आणि मामा ओरडले, "मागं फिरा!" आम्हाला काही दिसत नव्हतं. त्यांनी बोट दाखवलं: मघाचं निवळ पाणी तांबूस झालं होतं, त्यावर काटक्या आणि पाला तरंगत येत होता. वर कुठंतरी पाऊस झाला होता. आम्ही काठ चढलो आणि धपाट्यांचा डबा उघडेपर्यंत नाला कमरेच्या वर गेला. आमच्या डोक्यावर एक थेंबही पडला नव्हता. पावसाळ्यात अनोळखी रानात शिरणाऱ्या प्रत्येकाला ही खूण ठाऊक असलीच पाहिजे. नकाशावर ती मिळत नाही.

दुसरा धबधबा राहिला. झाडीतून त्याचा आवाज तेवढा ऐकला आणि काठाकाठानं वळसा घालत पैनगंगेवर आलो.

सहस्रकुंडाशी नदीचं रुंद पात्र काळ्या खडकात फुटतं आणि धारांनी खाली कोसळतं. बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागत होतं. हे पाणी वर्धेतून प्राणहितेत जातं आणि सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळतं. आमच्या निलंगा तालुक्यातली मांजराही गोदावरीलाच मिळते. शेतकरी भावांतला धाकटा हे ऐकून म्हणाला, "म्हणजे ही आपलीच की." आणि तो खाली बसून पाण्याकडे बघत राहिला.

बाईंनी मामांना विचारलं, "उन्हाळ्यात किती राहतं हो पाणी?"

"कुठलं बाई," मामा म्हणाले. "एप्रिलात नदी कोरडीठाक. बायका पात्रात झिरे खांदतात, वाटी-वाटीनं घागर भरतात. इसापूर धरणातून पाणी सोडलं तर गुरं जगतात."

एवढा पाऊस, एवढं रान, आणि तरी घागर वाटीनंच भरायची! माझा समज होता की टंचाई आमच्या वाट्याची आणि पाणी यांच्या. बाईंनी झिरे कुठं खांदतात ते विचारलं. मामांनी काठीनं धबधब्याच्या खालचं, तेव्हा पाण्यानं भरून वाहणारं वळण दाखवलं. मग आमच्या बाई मामांच्या शेजारी खडकावर बसल्या आणि विचारू लागल्या: तांड्यापासून ते किती लांब, एका खेपेला किती वेळ, पोरी शाळेत कधी जातात.